गवतातील खानेसुमारी

राज्य चालवायचे म्हणजे आधी मोजावे लागते. माणसे किती, गुरे किती, पिकाखालची जमीन किती, विहिरी किती, याचा हिशेब ज्याच्या दप्तरात नाही त्याला कारभार करता येत नाही. या कामासाठी मराठीत एक जुना, सुरेख शब्द आहे : खानेसुमारी. खाना म्हणजे घर. घरामागून घर घ्यावे, आतील माणसे विचारून लिहून घ्यावीत, आणि शेवटी बेरीज मांडावी, म्हणजे गावाची खानेसुमारी झाली. ज्याची गणना करावयाची त्याला घर आहे, दार आहे, नाव आहे आणि विचारले असता तो उत्तर देतो, एवढे सारे या शब्दात गृहीत धरलेले आहे.

परंतु ज्याला घर नाही, दार नाही, नाव नाही आणि माणसाची चाहूल लागताच जो पुरुषभर उंचीच्या गवतात दिसेनासा होतो, त्याची खानेसुमारी कशी करावी? गवतात राहणाऱ्या हरिणांच्या बाबतीत वनखात्यापुढे आणि प्राणिशास्त्रज्ञांपुढे गेली कित्येक वर्षे हाच प्रश्न उभा आहे.

हा प्रश्न केवळ हौशी कुतूहलाचा नाही. गेल्या शतकात आपल्या देशातील गवताळ प्रदेशांतील काही हरिणे इतकी कमी झाली की, त्यांचा वंश राहणार की बुडणार हे एकेका आकड्यावर येऊन ठेपले. त्यांतील दोन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक ६६ आणि दुसरा १४. पहिला १९७० सालचा, मध्य प्रदेशातील कान्हाच्या बाराशिंग्यांचा. दुसरा १९७५ सालचा, मणिपुरातील संगाई या हरिणाचा. हे दोन्ही आकडे कसे हाती आले, त्यांनी काय घडवले आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवता येतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम कान्हाकडे वळू. मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेले हे अरण्य. ज्या जुन्या मध्य प्रांताचा कारभार नागपुराहून चाले, त्याच प्रांतातील हा मुलूख. तेव्हा जुन्या नागपूरकरांना ही नावे परकी वाटू नयेत. सालवृक्षांचे गर्द रान, आणि त्या रानात मधूनमधून उघडी पडलेली विस्तीर्ण कुरणे, असे येथील भूमीचे रूप. या कुरणांचा स्वामी म्हणजे बाराशिंगा. पूर्ण वाढलेल्या नराच्या शिंगांना पुष्कळदा बारा टोके असतात, म्हणून हे नाव. ही शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात. काळवीट हे खऱ्या अर्थाने या जातीचे हरिण नव्हे, कारण त्याची शिंगे जन्मभर तीच राहतात. तराईतील आणि आसामातील बाराशिंगा दलदलीत वावरतो, म्हणून त्याचे खूर फाकलेले असतात. कान्हाचा बाराशिंगा कठीण भूमीवर राहणारा, त्याचे खूर आटोपशीर. जुन्या मध्य प्रांतात वनाधिकारी असलेल्या डनबार ब्रँडर यांनी मध्य हिंदुस्थानातील वन्य प्राण्यांवर १९२३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे शास्त्रज्ञांनी कठीण भूमीवरील बाराशिंग्याच्या उपजातीला त्यांचेच नाव दिले.

१९३८ च्या सुमारास या भागात बाराशिंगे ३,००० च्या आसपास असावेत, असा अंदाज नमूद केलेला आढळतो. १९७० साली मोजणी झाली तेव्हा ६६ भरले. बत्तीस वर्षांत तीन हजारांचे सहासष्ट! शिकार हे त्याचे एक कारण. परंतु शिकार थांबली तरी घसरण थांबली नाही, कारण दुसरे कारण गवतातच दडलेले होते. बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो, आणि त्याची मादी उंच गवताच्या आडोशाला पाडसाला जन्म देते. गुरांनी चरून आणि वणव्यांनी जाळून जेथे गवत आखूड झाले, तेथे पाडसाला लपावयाला जागा उरली नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून हरिणांचा आणि वाघांचा अभ्यास केला. कळपांत पाडसांचे प्रमाण फार थोडे आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. जो वंश म्हाताऱ्यांनी भरलेला आणि बालकांनी ओस, त्याचे भवितव्य सांगावयाला ज्योतिषी लागत नाही.

६६ हा आकडा पुढे आला आणि मग कामाला गती आली. अभयारण्याच्या अंतर्भागातील गावे बाहेर नव्या जागी वसवण्यात आली. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि शेते सोडून जाणाऱ्या त्या आदिवासी कुटुंबांनी या कामाची किंमत मोजली, हे विसरून चालणार नाही. त्यांनी सोडलेल्या शेतांवर गवत वाढले. सोंफ नावाच्या गावाची जागा आज बाराशिंग्यांचे एक प्रमुख कुरण आहे. वाघ-बिबट्यांना शिरता येणार नाही असे कुंपण घालून काही हरिणांना त्यात वाढवण्यात आले. आज कान्हातील बाराशिंगे हजाराच्या घरात आहेत. एकाच रानात सारा वंश ठेवणे धोक्याचे, कारण एखादी साथ आली तर सारेच जावयाचे. म्हणून २०१५ पासून काही हरिणे सातपुड्यातील संरक्षित क्षेत्रात आणि २०२३ पासून बांधवगडातही नेऊन सोडण्यात आली आहेत. सहासष्टांचा हजार झाला, ही आपल्या देशातील वन्यजीव-रक्षणाची मोठी फलश्रुती मानली जाते.

पण येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील : १९३८ चे तीन हजार आणि १९७० चे सहासष्ट, हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत काय? प्रश्न रास्त आहे. पहिला अंदाज आहे, दुसरी मोजणी आहे. अनुभवी माणसाचा अंदाज अगदीच टाकाऊ नसतो. परंतु एकाचा अंदाज आणि दुसऱ्याची मोजणी शेजारी शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी केली, तर येणारे उत्तर काटेकोर असत नाही. घसरण झाली यात शंका नाही. ती नेमकी किती झाली, हे सांगण्यासाठी मात्र दोन्ही वेळा माप एकच असावे लागते. म्हणून हरिणांच्या गणनेचे शास्त्र समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. सारे भांडे उपसून पाहावे लागत नाही. एक शीत दाबून पाहिले की भात शिजला की नाही ते कळते. सरकारी कारभारातही हे तत्त्व फार दिवसांपासून रूढ आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आणेवारी, आणि आता पैसेवारी, हा शब्द नवा नाही. पूर्वी गावाच्या पिकाची आणेवारी पाहणीवरून, म्हणजे नजरेच्या अंदाजाने ठरे. नंतर काही शेतांतील ठराविक तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचे, त्यांतील पीक कापून वजन करावयाचे आणि त्यावरून साऱ्या गावाचा उतारा काढावयाचा, अशी रीत आली. सातारा जिल्ह्यातून पुढे आलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत असताना पीक-कापणीच्या या पद्धतीला देशभर शास्त्रशुद्ध पाया घालून देण्यात मोठा वाटा उचलला. नमुना नीट निवडला तर थोडे मोजून पुष्कळ कळते, हा त्यातील गाभा.

मग हीच युक्ती हरिणांना का लावू नये? लावता येते, परंतु एक अडचण आहे. भांड्यातील शिते सारखी पसरलेली असतात; हरिणे तशी पसरलेली नसतात. बाराशिंगा कळपाने राहतो. चाळीस हरिणांचा एकच कळप एखाद्या कुरणात उभा असतो आणि भोवतालची दहा कुरणे रिकामी असतात. पाहणीच्या वाटेवर तो कळप आला तर गणना एकदम फुगते. तो झाडीमागे राहिला तर गणना कोसळते. शिवाय दुसरी अडचण अशी की, शेतातील कणीस पळून जात नाही. हरिण पळते, आणि एका कुरणातून पळालेले हरिण दुसऱ्या कुरणात दुसऱ्या माणसाच्या वहीत पुन्हा नोंदले जाते.

या अडचणींवर अनेक तोडगे निघाले आहेत. सर्वांत सरळ तोडगा म्हणजे एकाच वेळी सर्वत्र मोजणे. संरक्षित प्रदेशाचे लहान लहान विभाग पाडावयाचे, प्रत्येक विभागात माणसे बसवावयाची, आणि ठरलेल्या पहाटे, ठरलेल्या घटकेला सर्वांनी एकदम मोजावयाचे. काळ असा निवडावयाचा की, हरिणे उघड्यावर येतील आणि गवत फार उंच नसेल. कान्हातील बाराशिंगे हिवाळ्यात, समागमाच्या काळात, मोठ्या कळपांनी कुरणात जमतात. तो काळ सोयीचा. लहान क्षेत्रात आणि थोड्या संख्येला ही रीत उपयोगी पडते. तिचा दोष एवढाच की, जी हरिणे दिसली नाहीत ती किती, याचे उत्तर ती देत नाही. दिसली तेवढीच आहेत, असे ती निमूटपणे धरून चालते.

न दिसलेल्यांचाही हिशेब मांडणारी एक रीत आहे. रानात आधी नकाशावर सरळ रेषा आखून घ्यावयाच्या. पहाटे त्या रेषेवरून सावकाश चालावयाचे. हरिण दिसले की ते रेषेपासून किती अंतरावर आहे ते उपकरणाने मोजून लिहावयाचे. रेषेच्या अगदी जवळचे हरिण सहसा नजरेतून सुटत नाही. पन्नास मीटरांवरची काही सुटतात, दीडशे मीटरांवरची बहुतेक सुटतात. अंतर वाढेल तशी नोंदींची संख्या कशी घटते हे पाहिले म्हणजे सुटलेल्यांचे प्रमाण गणिताने काढता येते. समजा, एकूण १०० किलोमीटर चालणे झाले आणि गणिताने असे ठरले की, रेषेच्या दोन्ही अंगांना शंभर शंभर मीटरांचा पट्टा पूर्णपणे पाहिल्याइतके हे पाहणे झाले. म्हणजे २० चौरस किलोमीटर भूमी पाहून झाली. त्यात ६० हरिणे नोंदली गेली असतील, तर दर चौरस किलोमीटरला ३ हरिणे, असे उत्तर येते. चितळ-सांबरांसारख्या सर्वत्र विखुरलेल्या हरिणांसाठी ही रीत भारतातील अरण्यांत आता रूढ झाली आहे. जेथे हरिणे मूठभर आणि कळप दोन-तीनच, तेथे मात्र नोंदीच इतक्या थोड्या मिळतात की गणिताला आधार उरत नाही.

आणखी एक रीत मोठी गंमतीची आहे. तिचा उगम मासळीच्या अभ्यासात झाला. डेन्मार्कमधील पीटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून पाण्यात सोडले, आणि पुन्हा पकडलेल्या माशांत खुणेचे किती निघतात ते पाहिले. तेच तत्त्व हरिणांना लावता येते, आणि खूणही करावी लागत नाही. कारण प्रत्येक नराच्या शिंगांची ठेवण थोडी निराळी असते. समजा, पहिल्या पहाटे शिंगांवरून ४० नर ओळखून त्यांची छायाचित्रे घेतली. चार दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा ३० नर दिसले, आणि त्यांपैकी २४ आधीच्या ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या वेळच्या प्रत्येक पाचांत चार ओळखीचे. तेव्हा पहिल्या वेळचे ४० हे एकूण नरांच्या पाचांत चार भाग असणार. आणि एकूण नर ५० असणार. दहा नर एकदाही ओळखले गेले नसतानाच्या पहिल्या मोजणीत ते नव्हतेच. या दुसऱ्या रीतीने ते हिशेबात आले. अट एवढीच की, दोन्ही पाहण्या एकाच ऋतूत व्हाव्यात. शिंगे गळून गेली की ओळखही गळून जाते.

जेथे हरिण मुळीच दिसत नाही, तेथे त्याच्या लेंड्यांवरून शोध घेतात. लेंड्यांतून मिळणाऱ्या आनुवंशिक द्रव्यावरून ती कोणत्या जातीच्या हरिणाची, आणि कित्येकदा कोणत्या एका हरिणाची, हेही आता सांगता येते. उत्तर भारतात गंगेच्या काठच्या गवताळ पट्ट्यांत, गावांच्या आणि उसाच्या शेतांच्या सान्निध्यात बाराशिंगे कोठे कोठे तग धरून आहेत, याचा माग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांनी असाच घेतला आहे.

अशा रीतीने आकडा हाती आला. आता तो वाचावा कसा? आसामातील काझीरंगा येथे पूर्वेकडील बाराशिंग्याची मोजणी होते. २०१८ साली ९०७ हरिणे मोजली गेली. २०२२ साली ८६८. एकोणचाळीस कमी. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी तेथे मोठे पूर आले होते, तेव्हा घट पुरांमुळे झाली असे सांगण्यात आले, आणि ते पटण्यासारखे आहे. परंतु एका पहाटेच्या धुक्याने, किंवा गवताआड राहिलेल्या एका कळपानेही तीस-चाळीस हरिणांचा फरक पडू शकतो. म्हणून दोन आकड्यांवरून हर्ष किंवा शोक करू नये. त्याच रीतीने, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे मोजत राहावे आणि रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहावे. त्या २०२२ च्या मोजणीत एकूण आकड्याहून अधिक बोलका भाग निराळाच आहे. ८६८ हरिणांत १७३ नर, ५५७ माद्या आणि १३८ पाडसे होती. म्हणजे दर शंभर माद्यांमागे सुमारे पंचवीस पाडसे. हे प्रमाण वर्षानुवर्षे लिहून ठेवले, तर एकूण संख्या घसरण्याच्या पुष्कळ आधी धोक्याची घंटा ऐकू येते. शॅलर यांना कान्हात जे दिसले होते ते हेच.

आता दुसऱ्या आकड्याकडे, म्हणजे चौदाकडे वळू. आणि त्यासाठी मणिपुरात जावे लागेल. तेथे लोकताक नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या आग्नेय भागात पाण्यावर गवताचे तराफे तरंगतात. कुजलेली मुळे, माती आणि वनस्पती यांचे शतकानुशतके थर साचून झालेल्या या तरंगत्या भूमीला तेथील लोक फुमडी म्हणतात. तिचा सुमारे पाचवा भाग पाण्यावर असतो, बाकीचा खाली. या डुलणाऱ्या भूमीवर बाराशिंग्याचा भाऊबंद शोभेल असे एक हरिण राहते. त्याचे नाव संगाई. भुवईपासूनच पुढे झेपावणारी कमानदार शिंगे, आणि पायांखालची जमीन लवते म्हणून जपून, ठुमकत टाकलेली पावले, यांमुळे त्याला नाचरे हरिण असेही म्हणतात. निसर्गात ते या एका ठिकाणावाचून कोठेही आढळत नाही.

१९५१ साली संगाई नामशेष झाला असे मानले गेले होते. १९५३ साली आसामातील चहामळ्यांशी संबंधित निसर्गप्रेमी ई. पी. जी यांच्या शोधातून तो अजून उरला असल्याचे उघड झाले. उरला, पण किती? फुमडीवर रेषा आखून चालता येत नाही, पाय खचतो. नाव हाकारता येत नाही, गवत अडवते. पाबोत, तोया आणि चिंगजाओ या तेथील तीन टेकड्यांवरून जेवढे दृष्टीस पडेल तेवढेच. १९७५ साली प्रशासकीय सेवेतील एक अधिकारी आणि वन्यजीवांचे जाणकार एम. के. रणजितसिंह यांनी हेलिकॉप्टरमधून पाहणी केली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीत प्रमुख भाग घेतला होता. त्या पाहणीत १४ संगाई मोजले गेले : ५ नर, ६ माद्या आणि ३ पाडसे.

सबंध जगात चौदा. हा आकडा दडपता आला असता, किंवा चाळीस-पन्नास असावेत असे सांगून मन निवांत करून घेता आले असते. गवतात लपलेले काही सुटलेच असणार, असे म्हणावयाला जागाही होती. परंतु चौदा दिसले आणि चौदा लिहिले गेले. १९७७ साली केइबुल लामजाओचे सुमारे ४० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान, अशी त्याची ख्याती आहे. त्या चौदांतील तीन पाडसे हा या कहाणीचा आशेचा धागा. वंश अजून वाढत होता, हे त्या तीन चिमुकल्या जीवांनी सांगितले. १९९५ साली मोजणी १५५ वर गेली, २००३ साली १८०, आणि २०१६ साली २६०.

येथे कहाणी संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. १९८३ साली लोकताक जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई येथे बंधारा सुरू झाला. वीज आली, सिंचनाला पाणी मिळाले. पण सरोवराचे पाणी वर्षभर उंच राहू लागले. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की फुमडी खाली बसे, तळाला टेके, आणि तिच्यावरील वनस्पती मातीतून पोषण घेत. पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. हे वार्षिक बसणे-उठणे थांबल्यावर फुमडी अनेक ठिकाणी पातळ होत गेली. पातळ फुमडीला हरिणाचा भार पेलवत नाही. म्हणजे एकीकडे हरिणांचा आकडा चढत होता आणि दुसरीकडे त्यांच्या पायांखालची भूमी विरत होती. ज्याने केवळ हरिणे मोजली त्याच्या वहीत सर्व आलबेल दिसेल. ज्याने फुमडीची जाडीही मोजली त्याला झोप येणार नाही. म्हणून जाणकार सांगतात की, हरिणांच्या गणनेबरोबर गवताची उंची, पाण्याची पातळी, फुमडीची जाडी यांचीही नोंद नियमित व्हावी. भाडेकरू किती आहेत एवढेच विचारून भागत नाही. घराचे वासे शाबूत आहेत की नाहीत, तेही पाहावे लागते.

शेवटी एक गोष्ट उरते, आणि ती शास्त्राहून अधिक स्वभावाची आहे. मोजणाऱ्यावर नेहमी एक अदृश्य दडपण असते. गतवर्षी शंभर होते, यंदा नव्वद लिहिले तर वरिष्ठ काय म्हणतील? आकडा वाढला तर शाबासकी, घटला तर खुलासा, असा जेथे रिवाज पडला, तेथे रानात काहीही घडो, आकडे वाढतच जातात. आणेवारीच्या बाबतीत ग्रामीण महाराष्ट्राने हा अनुभव उलट दिशेने घेतला आहे : पिकाचा आकडा ठराविक मर्यादेखाली गेला तर साऱ्यात सवलत मिळते, मग आकडा कोणी कोणीकडे ओढावयाचा याची रस्सीखेच सुरू होते. आकड्यावर काही अवलंबून असले की आकडा निर्मळ राहणे कठीण होते. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ सालापर्यंत कागदावर वाघ होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा एकही नव्हता. कागदावर जिवंत असलेल्या त्या वाघांनी खऱ्या वाघांना वाचवण्याची वेळ दवडली. हरिणांच्या बाबतीत असे घडले तर गाजावाजाही होणार नाही, कारण हरिणासाठी वर्तमानपत्रांचे रकाने सहसा भरत नाहीत.

यावर उपाय दोन. पहिला हा की, आकडा सांगताना त्याची अनिश्चितताही सांगावी. 'शंभर हरिणे' असे म्हणण्याऐवजी 'बहुधा सत्तर ते एकशेतीस यांच्या दरम्यान' असे म्हणणे कित्येकांना कच्चेपणाचे वाटते. वास्तविक तेच पक्केपणाचे लक्षण आहे. कारण पुढील वर्षी एकशेदहा भरली तर वाढ झाली असे घाईने जाहीर करण्याचा मोह त्यामुळे आवरतो. दुसरा उपाय असा की, मोजणाऱ्याला कमी आकडा आणल्याबद्दल दोष देऊ नये. तापमापकाने ताप अधिक दाखवला म्हणून कोणी तो फोडीत नाही.

कान्हाच्या कुरणात हिवाळ्याच्या पहाटे, दहिवराने भिजलेल्या गवतात, हातात वही आणि गळ्यात दुर्बीण घेऊन जो वनरक्षक उभा असतो, त्याचे वेतन मोठे नसते आणि नाव कोठे छापून येत नाही. धुक्यातून एक आकृती हलते, मग दुसरी. तो मोजतो, खूण करतो, पुन्हा मोजतो. गवताच्या कडेला काहीतरी हलले. ते हरिण होते की वारा होता, हे त्याला नीट दिसले नाही. तेथे 'एक' लिहावे की काही लिहू नये, हा निर्णय त्या क्षणी तो एकटाच घेतो आणि त्याला पाहणारे कोणी नसते. दूर दिल्लीत, भोपाळात किंवा इंफाळात होणारे सारे बेत त्या एका निर्णयाच्या खरेपणावर उभे असतात. जे दिसले नाही ते त्याने लिहिले नाही, म्हणून सहासष्ट हा आकडा सहासष्टच राहिला, चौदा हा चौदाच राहिला. आणि त्या दोन खऱ्या, ओशाळवाण्या आकड्यांच्या आधारानेच आज कान्हाच्या गवतातून आणि लोकताकच्या फुमडीवरून हरिणांची पाडसे धावताना दिसतात.